मोरोक्कोची शेती: ठिबक आलं, पीक वाढलं, मग पाणी कुठे गेलं?

खरीप आणि रब्बी हे आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेले शब्द मुळात अरबी आहेत. 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. 'जिरायत' हा शब्दही शेती या अर्थाच्या अरबी शब्दावरून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. आफ्रिकेच्या वायव्य टोकावरच्या मोरोक्कोत हे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत, पण तिथली शेतीची घडी आपल्यापेक्षा उलटी आहे. आपल्याकडे हंगामाला कापणीच्या ऋतूचं नाव पडलं: शरदात निघतं ते खरीप, वसंतात निघतं ते रब्बी. मोरोक्कोत शरद ही पेरणीची वेळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अटलांटिक महासागरावरून पहिला पाऊस येतो, गहू आणि जव पेरले जातात, मार्च-एप्रिलपर्यंत अधूनमधून सरी येत राहतात आणि मे-जूनमध्ये कापणी होते. उन्हाळा पूर्ण कोरडा जातो.

आपल्याकडे मृग कधी लागतो याकडे डोळे असतात, तसं तिथे हिवाळ्यातल्या पावसाकडे असतात. तिथल्या अमाझिग म्हणजे बर्बर लोकांचं नववर्ष जानेवारीच्या मध्याला येतं आणि ते शेतीच्या जुन्या दिनदर्शिकेवरूनच ठरतं. 2023 मध्ये त्या दिवसाला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा मिळाला.

या देशाने 2008 साली आपली शेती आधुनिक करण्याचा मोठा घाट घातला. ठिबक सिंचन, फळबागा, पॅकहाऊस, निर्यात असं सगळं त्यात होतं. त्यातलं बरंच साधलंही. तरीही त्यानंतरच्या दुष्काळात धरणं तळाला गेली, विहिरी आटल्या आणि 2025 च्या बकरी ईदला राजाला लोकांना सांगावं लागलं की यंदा मेंढ्या कापू नका. पीक वाढलं आणि पाणी संपत गेलं, या दोन गोष्टी एकाच वेळी कशा घडल्या, हे समजून घ्यायचं तर आधी तिथली जमीन पाहावी लागेल.

पावसावर हिंदकळणारा देश

मोरोक्कोच्या मध्यातून ॲटलस पर्वतरांग आडवी जाते. तिच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला, मैदानं आहेत. उत्तरेच्या रिफ डोंगरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दक्षिणेकडे सरकावं तसा तो घटत जातो, आणि ॲटलस ओलांडून सहाराच्या बाजूला उतरलं की 100 मिलिमीटरही मुश्किलीने पडतो. पर्वतावर हिवाळ्यात बर्फ साचतो आणि वसंतात वितळून नद्यांना पाणी देतो. तिथे पाण्याची खरी टाकी म्हणजे हा बर्फ.

लागवडीखालची जमीन आहे सुमारे 87 लाख हेक्टर. त्यातली सोळा लाख हेक्टरच्या आसपास बागायती. उरलेली सगळी पावसावरची, तिला तिथे 'बूर' म्हणतात. आपलं कोरडवाहू म्हणजे त्यांचं बूर.

बूर जमिनीवर मुख्यतः गहू आणि जव. पाऊस आला तर पीक, नाही आला तर काडसुद्धा हाती लागत नाही. 2015 मध्ये धान्याचं उत्पादन 110 लाख टनांच्या वर गेलं, पुढच्याच वर्षी ते 34 लाख टनांच्या आत आलं. 2021 मध्ये पुन्हा 103 लाख टन, 2022 मध्ये 34 लाख. असे हेलकावे खाणाऱ्या देशात शेती कोसळली की सबंध अर्थव्यवस्थेची वाढच थबकते, कारण राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के असला तरी ग्रामीण भागातलं बहुतेक काम तिच्याशीच बांधलेलं असतं. फ्रेंच राजवटीतल्या एका रेसिडेंट-जनरलच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च फ्रेंच प्रशासकाच्या, नावावर सांगितलं जाणारं एक वाक्य तिथे अजूनही उद्धृत होतं: राज्य करणं म्हणजे पाऊस पाडणं.

फ्रेंचांनी 1912 मध्ये मोरोक्कोवर आपलं संरक्षित राज्य लादलं. प्राचीन रोमला उत्तर आफ्रिका धान्य पुरवत असे, या आठवणीने भारून त्यांनी आधी गव्हाचा नाद धरला. तो कोरड्या वर्षांनी मोडला. मग 1930 च्या दशकात त्यांची नजर कॅलिफोर्नियाकडे गेली: तसंच हवामान, तशीच संत्री. धरण बांधायचं, फळं पिकवायची, युरोपात विकायची, ही कल्पना तेव्हाची. 1956 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा युरोपीय वसाहतवाल्यांकडे सुमारे दहा लाख हेक्टर जमीन होती, आणि ती चांगल्यापैकी चांगली होती. परक्यांच्या हातातली उरलीसुरली शेतजमीन सरकारने ताब्यात घ्यायला 1973 साल उजाडलं. मालक बदलले, कॅलिफोर्नियाचं स्वप्न मात्र तसंच राहिलं.

राजा हसन दुसरे यांनी 1960 च्या दशकात धरणांची मोहीम हाती घेतली. दहा लाख हेक्टर भिजवायचे, हे उद्दिष्ट ठरलं आणि शतक संपता संपता ते गाठलंही. आज देशात सुमारे दीडशे मोठी धरणं आहेत. सगळ्यांत मोठं अल वाहदा धरण उत्तरेला, 1990 च्या दशकात पूर्ण झालेलं. लाभक्षेत्र विकासासाठी नऊ प्रादेशिक कार्यालयं उभी राहिली: घर्ब, तादला, दुकाला, हौझ, सूस-मासा वगैरे. (दुकाला हे नाव मराठी कानाला दुकाळासारखं ऐकू येतं, पण ते तिथल्या एका जुन्या टोळीसमूहाचं आहे.) तादला आणि दुकालात साखरेसाठी बीट आलं, घर्बात ऊस. पुदिन्याच्या गोड चहाशिवाय दिवस न उजाडणाऱ्या देशाला साखर लागतेच. पण पाणी मोकाट पद्धतीने, पाटाने दिलं जायचं, आणि कालव्याच्या बाहेरचा बूरवाला शेतकरी होता तिथेच राहिला.

2008 ची योजना

एप्रिल 2008 मध्ये मेकनेस शहरातल्या कृषी प्रदर्शनाच्या वेळी 'हरित मोरोक्को योजना' जाहीर झाली. ते जगात अन्नधान्याच्या किमती भडकल्याचं वर्ष होतं. तेव्हा कृषिमंत्री होते अझीझ अखन्नूश. 2007 पासून 2021 पर्यंत ते या खात्यावर राहिले आणि त्यानंतर पंतप्रधान झाले. एकाच माणसाकडे एकच खातं चौदा वर्षं, त्यामुळे योजनेला सलगता मिळाली आणि तिच्या यशापयशाची जबाबदारीही स्पष्ट राहिली.

योजनेचे दोन खांब होते. पहिला खांब पाणी, भांडवल आणि बाजार हाताशी असलेल्यांसाठी. त्यांना जास्त दाम देणाऱ्या पिकांकडे न्यायचं: टोमॅटो, संत्री, बेरीवर्गीय फळं, ऑलिव्ह. दुसरा खांब डोंगरातल्या, ओसाड भागातल्या लहान शेतकऱ्यांसाठी. त्यांना गव्हाऐवजी ऑलिव्ह, बदाम, निवडुंग अशी चिवट झाडं लावायला मदत करायची, केशर, मध, आर्गन तेल यांना बाजार मिळवून द्यायचा.

सरकारने खासगी गुंतवणूक खेचण्यासाठी अनुदानाची दारं उघडली. ठिबक बसवायचं तर खर्चाच्या 80 टक्के अनुदान, पाच हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला 100 टक्के. सरकारी मालकीच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी गुंतवणूकदारांना मिळाल्या. लहान शेतकऱ्यांना एखाद्या मोठ्या प्रक्रियादाराशी किंवा सहकारी संस्थेशी करारानं जोडायचं, म्हणजे बियाणं, सल्ला आणि खरेदी एका ठिकाणाहून होईल, अशीही रचना होती.

अशी जोडणी कशी जमू शकते याचं उदाहरण योजनेच्या वीस वर्षं आधीपासून तिथे होतं. सूस खोऱ्यातल्या तारूदांत गावी 1987 मध्ये शेतकऱ्यांनी कोपाग ही सहकारी संस्था काढली. तिचं 'जौदा' दूध आणि दही देशभर खपतं. दोन-चार गाई असणारा माणूस गावच्या संकलन केंद्रावर दूध घालतो, संस्था ते थंड करून कारखान्यात नेते. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला यात काही नवं वाटणार नाही, पण मोठ्या खासगी कंपन्यांच्या बाजारात शेतकऱ्यांच्या मालकीची संस्था ठामपणे उभी राहिली, हे मला या सगळ्या प्रवासातलं मोठं काम वाटतं.

आकडे बोलायचे तर, ठिबकखालचं क्षेत्र 2008 मध्ये दीड लाख हेक्टरच्या जरा पुढे होतं, 2020 पर्यंत ते साडेपाच लाखांच्या आसपास पोचलं. ऑलिव्हच्या बागा दहा लाख हेक्टरच्या पुढे गेल्या. सरकारी हिशेबाप्रमाणे दहा वर्षांत शेतीचं वार्षिक उत्पन्न सुमारे 65 अब्ज दिरहमवरून 125 अब्जांवर गेलं. (एक दिरहम म्हणजे साधारण नऊ-दहा रुपये.) निर्यात दुपटीहून जास्त झाली. फ्रान्स आणि ब्रिटनच्या दुकानांत हिवाळ्यात दिसणारे चेरी टोमॅटो, रास्पबेरी, संत्री यांतला मोठा हिस्सा मोरोक्कोतून येऊ लागला. मध्ये समुद्र आहे तो जेमतेम 14 किलोमीटरचा: टँजियरच्या बंदरातून ट्रक बोटीवर चढतो आणि स्पेनमध्ये उतरून पुढे धावतो.

ठिबकचं गणित

ठिबक म्हटलं की पाण्याची बचत, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. नाशिकच्या द्राक्षबागा आणि जळगावच्या केळीने ते आपल्याला शिकवलं. एका झाडापुरतं ते खरंही आहे. खोऱ्यापुरतं मात्र ते उलटं पडू शकतं, आणि मोरोक्कोत ते उलटं पडलं.

समजा, सूस खोऱ्यात एका शेतकऱ्याची दोन हेक्टर संत्र्याची बाग आहे. तो विहिरीतून शंभर टाक्या पाणी उपसून पाटाने देतो. त्यातल्या साठ टाक्या झाडं पितात. दहा उडून जातात. उरलेल्या तीस जमिनीत मुरून खाली भूजलाला परत मिळतात. शेतकऱ्याला या तीस टाक्या वाया गेल्यासारख्या वाटतात. पण विहिरीच्या दृष्टीने त्या वाया गेलेल्या नाहीत, त्या परत आलेल्या आहेत. म्हणजे शंभर उपसल्या तरी भूजलातून खऱ्या अर्थाने गेल्या फक्त सत्तर.

आता ठिबक बसलं. मुळाशी थेंब पडतो, जवळजवळ सगळं पाणी झाडालाच मिळतं. दोन हेक्टरांना पासष्ट टाक्या पुरतात. पस्तीस वाचल्या! शेतकरी काय करेल? त्याच्याकडे पंप आहे, ठिबकला अनुदान आहे, बाजारात भाव आहे. तो आणखी एक हेक्टर लावतो. किंवा संत्र्यांच्या ओळींमध्ये भाजी घेतो. किंवा कमी पाण्याचं पीक काढून जास्त पाण्याचं, जास्त पैशाचं पीक लावतो. उपसा पुन्हा शंभर टाक्यांवर येतो, पण आता खाली परत मुरणारं पाणी जवळजवळ शून्य. पूर्वी भूजलातून सत्तर जात होत्या, आता शंभर जातात. विहीर पूर्वीपेक्षा वेगाने आटते, आणि कागदावर मात्र 'सूक्ष्म सिंचनाखालील क्षेत्र वाढले' असं दिसतं.

यात शेतकऱ्याची चूक नाही. त्याच्या जागी कुणीही हेच करेल. चूक आहे ती मोजमापात. योजनेने ठिबकचे हेक्टर मोजले, निर्यातीचे दिरहम मोजले. प्रत्येक खोऱ्यातून वर्षाला किती पाणी उपसायचं याची मर्यादा कायद्यात होती, परवान्याची तरतूद होती, पण बहुसंख्य विहिरी परवान्याशिवायच खोदल्या गेल्या. अनुदान देताना 'वाचलेलं पाणी वाचलेलंच राहील' अशी कसलीही हमी घेतली गेली नाही.

त्यात उपसाही स्वस्त होता. मोरोक्कोत स्वयंपाकाच्या गॅसचं 12 किलोचं सिलिंडर सरकारी अनुदानामुळे तीसेक वर्षं 40 दिरहमला मिळत होतं, मे 2024 मध्ये ते 50 झालं. शेतकऱ्यांनी जुनी इंजिनं गॅसवर चालतील अशी करून घेतली आणि चुलीसाठीचं सिलिंडर विहिरीवर आलं. नंतर सौरपंप आले. सौरपंप एकदा बसवला की उपशाला खर्चच नाही, म्हणजे पंप बंद करायला कारणही नाही.

सूस खोऱ्यात विहिरी दोनशे-तीनशे मीटरवर गेल्या. तारूदांतजवळच्या अल गेर्दान भागात संत्र्याच्या बागा पाण्याअभावी सोडून द्याव्या लागल्या, तेव्हा सरकारने खासगी कंपनीला भागीदार करून सुमारे 90 किलोमीटरवरच्या धरणांतून जलवाहिनी आणली. दहा हजार हेक्टर, सहाशेच्या आसपास बागायतदार. सिंचनातल्या अशा भागीदारीचा हा जगातला पहिला प्रकल्प म्हणून गाजला. पुढे दुष्काळात धरणंच आटली, तेव्हा वाहिनीतली धारही रोडावली.

सहाराच्या उंबरठ्यावरच्या झागोराचं दुःख आणखी तीव्र. तिथे ठिबकच्या जोरावर कलिंगड आलं, युरोपात ते सगळ्यांच्या आधी पोचायचं म्हणून भावही चांगला मिळायचा. 2017 मध्ये झागोरा शहरातल्या लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चे काढले. गावाबाहेर कलिंगडं, गावात कोरडे नळ. पुढे झागोरा प्रांताने कलिंगडाच्या क्षेत्रावर मर्यादा घातली, शेजारच्या ताता प्रांताने बंदीच घातली. 2022 मध्ये केंद्र सरकारने कलिंगड, ॲव्होकॅडो आणि संत्रावर्गीय नव्या बागांना ठिबकचं अनुदान देणं थांबवलं. चौदा वर्षांनी का होईना, पिकाची तहान अनुदानाच्या हिशेबात आली.

याच सहाराच्या बाजूला, ताफिलालत ओॲसिसमध्ये, पाण्याची एक जुनी रीत आहे: खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याशी जिथे भूजल आहे तिथून शेतापर्यंत जमिनीखालून कित्येक किलोमीटर लांबीचा, किंचित उताराचा बोगदा खोदतात. वर ठरावीक अंतरावर मातीचे ढीग आणि मधोमध विवरं दिसतात, ती बोगद्यात उतरून गाळ काढायला. पाणी आपल्या उताराने वाहत खजुराच्या बागेत येतं. प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली. धुळे जिल्ह्यातली पांझरेवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना पाळीचा हा कारभार ओळखीचा वाटेल. खेत्तारा भूजलाच्या पातळीखालचं पाणी ओढूच शकत नाही. पातळी उतरली की धार बारीक होते, गावाला समजतं, पाळ्या आखडतात. पंपाला ही मर्यादा नाही. 1970 च्या दशकापासून वरच्या अंगाला धरण झालं, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बऱ्याचशा खेत्तारा कोरड्या पडल्या. त्या परत आणाव्यात असं मी म्हणत नाही, तेवढ्या पाण्यात आजची गावं भागणार नाहीत. पण पातळी खाली गेल्याचं तत्काळ आणि सगळ्यांना एकदम कळण्याची जी सोय त्यात होती, ती एकाही आधुनिक योजनेत घातली गेली नाही, याची मला खंत वाटते.

टोमॅटो विकून गहू

1960 मध्ये मोरोक्कोत माणशी वर्षाला सुमारे 2,560 घनमीटर पाणी उपलब्ध होतं. आज ते 600 च्या आसपास आहे. लोकसंख्या वाढली हे एक कारण, पाऊस घटला हे दुसरं. वापरातल्या पाण्यापैकी 85 टक्क्यांहून अधिक शेतीला जातं. 2018 च्या सुमारास सुरू झालेला दुष्काळ सलग सहा-सात वर्षं टिकला. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं अल मासिरा धरण 2024 च्या सुरुवातीला जवळजवळ रिकामं होतं, आणि त्याच्यावर विसंबलेल्या दुकालाच्या कालव्यांत पाणी येणं बंद झालं होतं. 2023 या एका वर्षात शेतीतले सुमारे दोन लाख रोजगार गेले.

अशा देशाने पाणीदार टोमॅटो बाहेर पाठवावेत आणि गहू बाहेरून आणावा का, हा वाद तिथे सतत चालतो. दोन्ही बाजूंना बळ आहे. एक घनमीटर पाण्यातून टोमॅटोला जो पैसा मिळतो तो गव्हाला कधीच मिळणार नाही. मग टोमॅटो विकून त्या पैशात फ्रान्स, युक्रेन, रशियाचा गहू घ्यावा, यात हिशेब चुकत नाही. शिवाय बहुतांश गहू पावसावरचा आहे, टोमॅटो सोडला म्हणून तो वाढेल असं नाही. पण 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, गव्हाचे भाव चढले, त्याच वर्षी मोरोक्कोत पीक बुडालं, आणि ब्रेड स्वस्त ठेवायला सरकारला तिजोरी मोकळी करावी लागली. पुढच्या वर्षी रमजानच्या तोंडावर टोमॅटोच इतका महागला की पश्चिम आफ्रिकेकडे जाणारा टोमॅटो, कांदा, बटाटा सरकारने अडवला. कांद्याच्या निर्यातबंदीचे चटके सोसलेल्या लासलगावकरांना ही घालमेल समजावून सांगायला नको.

टोमॅटोचं केंद्र म्हणजे अगादिर शहराच्या दक्षिणेचं श्तूका मैदान. प्लास्टिकच्या हरितगृहांचा तिथे समुद्र पसरलेला आहे. पहाटे गावच्या नाक्यावर, ज्याला 'मौकफ' म्हणतात, बायका घोळक्याने उभ्या असतात. मुकादम येतो, पिकअप भरतो. दिवसाच्या बोलीवर काम, बहुतेकदा लेखी करार नाही. उत्तरेच्या स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यातही तेच. तिथल्या हजारो बायका दरवर्षी हंगामापुरत्या स्पेनमधल्या वेल्वा प्रांतात स्ट्रॉबेरी तोडायला जातात आणि भरतीत मुलं मागे ठेवून येणाऱ्या आयांना पसंती मिळते, म्हणजे त्या परत जातील. निर्यातीचा आकडा छापताना या हातांचा उल्लेख क्वचित होतो.

जमिनीचा एक प्रश्न मात्र बायकांनीच सोडवायला घेतला. मोरोक्कोत सुमारे दीड कोटी हेक्टर जमीन टोळ्यांच्या सामूहिक मालकीची आहे, बरीचशी चराईची. तिचा वाटा रूढीने पुरुषांनाच मिळे. जमिनी शहरांसाठी आणि शेतीसाठी विकल्या जाऊ लागल्या तेव्हा नुकसानभरपाईतून बायका वगळल्या गेल्या. 2007 च्या सुमारास केनित्रा भागातून 'सुलालियात' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बायकांचं आंदोलन उभं राहिलं आणि 2019 च्या कायद्याने स्त्रियांचा समान हक्क मान्य केला. पाठोपाठ 2020 मध्ये 'जनरेशन ग्रीन' ही नवी दहा वर्षांची योजना आली. तिच्यात दहा लाख हेक्टर सामूहिक जमीन लागवडीला आणायची आणि तरुणांतून शेतीवर जगणारा मध्यमवर्ग तयार करायचा असं ठरलं.

समुद्राचं पाणी, गोव्याचं खत

दुष्काळावरचा सरकारचा सध्याचा मोठा उपाय म्हणजे समुद्राचं खारं पाणी गोडं करणं. श्तूकात 2022 मध्ये सुरू झालेला प्रकल्प दिवसाला 2 लाख 75 हजार घनमीटर पाणी देण्याच्या क्षमतेचा आहे. साधारण निम्मं अगादिर शहराला, उरलेलं 15 हजार हेक्टरांना. शेतकऱ्याला ते घनमीटरला सुमारे पाच दिरहमने पडतं. टोमॅटोला हा दर झेपतो. गव्हाला, जवाला, चाऱ्याला तो कधीच झेपणार नाही. म्हणून समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या निर्यातशेतीला वाचवू शकतं, ॲटलसच्या पायथ्याच्या बूर शेतकऱ्याला त्याचा थेट उपयोग नाही. कॅसाब्लांकासाठी वर्षाला 30 कोटी घनमीटरचा आणखी मोठा प्रकल्प 2024 मध्ये हाती घेतला गेला. त्याआधी 2023 मध्ये उत्तरेच्या सबू नदीचं समुद्रात जाणारं पाणी 67 किलोमीटरच्या वाहिनीने राबातकडे वळवलं गेलं. ते काम काही महिन्यांत उरकलं, कारण राजधानीचे नळ कोरडे पडायच्या बेतात होते.

दक्षिणेला दाखला परिसरात पवनऊर्जेवर समुद्राचं पाणी गोडं करून पाच हजार हेक्टर भिजवायचं काम हाती घेतलं गेलं आहे. पण हा भाग पश्चिम सहाराचा, ज्याच्या मालकीचा वाद मिटलेला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने तिथल्या टोमॅटो-खरबुजावर 'मोरोक्को' नव्हे तर 'पश्चिम सहारा' असंच मूळ लिहावं लागेल असा निकाल दिला.

मोरोक्कोच्या शेतीचा एक धागा थेट आपल्या बांधापर्यंत येतो. जगातल्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के मोरोक्कोत आहेत, आणि खौरिब्गाच्या खाणींतून 1921 पासून ते काढलं जातं. 1920 मध्ये स्थापन झालेली ओसीपी ही सरकारी कंपनी ते विकते. भारताकडे हे खनिज फार कमी, त्यामुळे डीएपी खताच्या पोत्यामागे बऱ्याचदा मोरोक्कोचा दगड किंवा त्यापासून केलेलं आम्ल असतं. गोव्याच्या झुआरी कंपनीने ओसीपीशी भागीदारी करून ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स चालवायला घेतली, आणि 2022 मध्ये गोव्यातला झुआरीनगरचा खतकारखाना त्याच पारादीपकडे गेला. कोकणातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतात पडणाऱ्या खताचा आणि मोरोक्कोच्या खाणीचा संबंध इतका जवळचा आहे.

बूर जमिनीवरचा नवा प्रयोग

आधुनिकीकरणातली जी गोष्ट मला सगळ्यात आधी व्हायला हवी होती असं वाटतं, ती सगळ्यात उशिरा वेग घेते आहे. ती आहे नांगरणीशिवाय पेरणी. सेतात नावाच्या शहरातल्या कोरडवाहू संशोधन केंद्रात या पद्धतीवर कित्येक वर्षं काम झालं. 'जनरेशन ग्रीन' योजनेने 2030 पर्यंत दहा लाख हेक्टर त्याखाली आणायचं ठरवलं आहे.

नांगरलं की जमिनीतली ओल वर येते आणि उडून जाते. हिवाळ्यात एकूण तीन-चार चांगले पाऊस मिळणार असतील तर तेवढी ओलही पिकाचा जीव वाचवते. म्हणून मागच्या पिकाची धसकटं तशीच ठेवायची, खास पेरणीयंत्राने जमिनीला बारीक चीर पाडायची, त्यात बी आणि खत सोडायचं, चीर बुजवायची. धसकटांच्या सावलीत ओल टिकते, वाऱ्याने माती उडत नाही, डिझेल वाचतं. याला सिंचनाचं पाणीही लागत नाही आणि धरणही. देशातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना, म्हणजे बूरवाल्यांना, लागू पडणारं हे तंत्र आहे. अडचण यंत्राची: ते महाग, आणि पाच हेक्टरवाल्याला परवडत नाही. म्हणून सहकारी संस्थांना यंत्रं देऊन गावात फिरवायची, असा मार्ग काढला जातो आहे.

दुसरी अडचण मात्र यंत्राने सुटणारी नाही. कापणीनंतर, जूनपासून पहिल्या पावसापर्यंत, ही धसकटं म्हणजे मेंढ्यांचं खाद्य. मोरोक्कोत लहान शेतकऱ्याची खरी बचत बँकेत नसते, मेंढ्यांत असते. लग्न, दवाखाना, मुलाची फी, जे काही येईल त्याला एक मेंढी विकायची. दुष्काळाने चारा संपला, लोकांनी कळप विकून टाकले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारने सांगितलं की मागच्या गणनेच्या तुलनेत गुरं-मेंढ्या 38 टक्क्यांनी घटल्या आहेत. त्यानंतरच राजा मोहम्मद सहावे यांनी ईदची कुर्बानी न करण्याचं आवाहन केलं. त्यांच्या वडिलांनी 1996 मध्ये असंच आवाहन केलं होतं.

आता कळप पुन्हा वाढवायचे आहेत, त्यासाठी धसकटं मेंढ्यांना हवीत. आणि ओल टिकवायची आहे, त्यासाठी तीच धसकटं जमिनीवर राहायला हवीत. काही ठिकाणी अर्धी चारायची, अर्धी ठेवायची असा मधला मार्ग निघतो आहे. काही जण वैरणीसाठी वाटाणावर्गीय पिकं किंवा काटे नसलेला निवडुंग बांधावर लावून पाहताहेत. कुठल्या गावात काय जमेल हे त्या गावच्या मेंढ्या, चराई आणि पाऊस पाहूनच ठरतं, आणि कापणी झाल्यावर धसकटांत कळप किती दिवस सोडायचा हे मेंढीवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून, खरीफ लागायच्या आत, ठरवावं लागतं.